शाळेचा उतारा

कसबा बावड्यात राहणाऱ्याला 'उतारा' हा शब्द दोनदा भेटतो. राजाराम साखर कारखान्यात तो साखरेचा असतो : किती ऊस गाळला आणि त्यातून शेकडा किती साखर हाती आली. शाळेत तो मराठीच्या पेपरात असतो. वाचायचा आणि खालील प्रश्नांची उत्तरे लिहायची. गेली काही वर्षे या दोन उताऱ्यांची गल्लत होते आहे, असे मला भाषेचा शिक्षक म्हणून वाटत आले आहे.

केंद्र सरकारची शाळांतील संगणकशिक्षणाची योजना डिसेंबर 2004 मधली. महाराष्ट्राने ती 'बूट' पद्धतीने राबवली. बूट म्हणजे बांधा, मालकी ठेवा, चालवा आणि हस्तांतरित करा. खाजगी कंपनीने प्रयोगशाळा उभारायची, पाच वर्षे चालवायची आणि मग शाळेच्या स्वाधीन करायची. रस्त्यांच्या 'बीओटी'चे हे चुलत भावंड. आणि रस्त्यांच्या बीओटीचा अनुभव कोल्हापूरकरांना कोणी सांगायला नको. टोलविरोधी आंदोलनापुढे सरकारला 2015 च्या अखेरीस माघार घ्यावी लागली होती. पण रस्त्यावर टोलनाका दिसतो. शाळेतला करार दिसत नाही.

पाच वर्षांनी हस्तांतर होते म्हणजे नेमके काय होते? पाच वर्षांचा रस्ता जुना म्हणत नाहीत. पाच वर्षांचा संगणक मात्र म्हातारा असतो. तो शाळेला मिळतो, आणि त्याच सुमारास कंपनीने नेमलेला संगणक-निदेशक निघून जातो, कारण त्याची नेमणूक करारापुरती. यंत्र हस्तांतरित होते. कोणते मूल कळफलकाला बिचकते, कोणाला मराठीतला रफार उमटवता येत नाही, हे निदेशकाला ठाऊक असते. ते हस्तांतरित होत नाही.

नियोजनाला माझा विरोध नाही. याच बावड्यातल्या लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये 1874 साली जन्मलेल्या शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेही केवळ सदिच्छेवर नव्हे. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. तोही हिशेबच. फरक इतकाच, की त्या हिशेबात मोजले जात होते ते शाळेत न आलेले मूल.

मध्यंतरी एका प्रशिक्षणात आम्हा शिक्षकांना शाळेचा तंत्रज्ञान-आराखडा करायला बसवले. ('आराखडा करणे' आणि 'विचार करणे' यांत हल्ली कोणी भेद मानत नाही. असो.) तक्ता तयारच होता : बलस्थाने, उणिवा, संधी, धोके. विद्यार्थी 'हितधारक' या सदरात, पालक आणि पुरवठादार यांच्यासोबत. 'बलस्थाने'खाली दहा संगणक लिहून झाले. माझ्या शेजारच्या बाईंनी 'धोके'खाली लिहिले : निदेशकांचा करार मार्चमध्ये संपतो.

मार्गदर्शक अत्यंत सौजन्याने म्हणाले, "मॅडम, धोके बाह्य असतात. अंतर्गत गोष्ट उणिवांमध्ये घ्या." बाई म्हणाल्या, "सर, ते कंपनीचे आहेत. आमचे नाहीत." मग निदेशक अंतर्गत की बाह्य, यावर बरीच चर्चा झाली. काहींनी 'संधी' असेही सुचवले. निर्णय होण्याआधी जेवणाची सुट्टी झाली, आणि दुपारच्या सत्रात आम्ही पुढच्या तक्त्याकडे वळलो.