चार बोटांचं अंतर

मोठ्या नणंदेच्या मुलीचा वलीमा होता. बायकांच्या बाजूला मी दालचा वाढत फिरत होते. कोपऱ्यात बसलेल्या एका दादींनी माझा हात धरला, जवळ ओढलं आणि मायेनं विचारलं, "कौनसा महीना चल रा बेटी? इत्ता भारी बर्तन मत उठा."

माझी जुळी मुलं तेव्हा पाच वर्षांची होती आणि समोरच खुर्च्यांखालून पळत होती. मी हसून म्हटलं, "नाही दादीजान, काही नाही, पोट असंच आहे." दादी ओशाळल्या, दोन दुआ देऊन गप्प झाल्या. मीही हसत हसत भांडं उचललं. पण परतताना रिक्षात मी सगळा रस्ता दुपट्टा पोटावर धरून बसले होते. असा प्रश्न विचारणाऱ्या त्या काही पहिल्या नव्हत्या. शाळेत मुलांच्या आया विचारत, एसटीत कंडक्टर आपणहून जागा मिळवून देत. सुरुवातीला मी खरं सांगायची. पुढे पुढे नुसती "हो" म्हणून बसू लागले.

माझी थोरली मुलगी साध्या बाळंतपणानं झाली. सहा वर्षांनी जुळी झाली, सिझेरियननं. अम्मीनं मिरजेला माहेरी नेऊन चाळीस दिवसांचा चिल्ला काटेकोर पाळला. अछवानी, डिंकाचे लाडू, शेक, धुरी, सगळं झालं. जुन्या सुती साडीची पट्टी करून ती रोज माझ्या पोटाला आवळून बांधायची. वर्षभरात माझं वजन जवळजवळ पूर्वीसारखं झालं. हात-पाय बारीक झाले, चेहरा उतरला, पोट मात्र तसंच राहिलं. सकाळी कमी, रात्री जेवल्यावर जास्त. बिछान्यातून उठताना तर पोटाच्या मधोमध तंबूच्या कण्यासारखा एक उंचवटा वर यायचा.

त्याहून वाईट होती कंबर. मी प्राथमिक शाळेत शिकवते, दिवसाचे पाच तास उभी असते. चौथ्या तासाला कंबर अशी भरून यायची की फळ्याला पाठ टेकून शिकवायची वेळ यायची. सजद्यातून उठताना आधी एक हात, मग दोन्ही हात जमिनीला टेकावे लागू लागले. शेवटी मी खुर्चीवर नमाज सुरू केली. वय छत्तीस! शेजारी सत्तरीच्या सासूअम्मी मुसल्ल्यावर टुणकन उठत-बसत आणि मी खुर्चीवर. त्या काही बोलत नसत, पण मलाच लाज वाटायची.

या सगळ्याला मी एकच नाव दिलं होतं: आळस. खाणं कमी केलं. मोबाइलवर बघून रोज पन्नास उठाबशा, म्हणजे पाठीवर झोपून धड वर उचलायचा तो व्यायाम करू लागले. पोट उतरलं तर नाहीच, उंचवटा वाढला आणि बेंबी बाहेर येऊ लागली.

कळलं ते अगदी योगायोगानं. दुसऱ्याच तक्रारीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले होते. त्यांनी मला उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले आणि फक्त डोकं उचलायला सांगितलं. बेंबीच्या वर आडवी बोटं ठेवून त्या म्हणाल्या, "चार बोटं आत जातात. हे चरबीचं पोट नाही. तुमचे स्नायू फाकलेत."

मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाच्या पुढच्या बाजूला छातीच्या हाडापासून खाली ओटीपोटाच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू असतात. मध्ये त्यांना जोडणारी एक पांढरी, चिवट पट्टी असते, कुडत्याच्या मधल्या शिवणीसारखी. गर्भ वाढतो तशी ती पट्टी ताणते आणि पातळ होते. हे जवळपास प्रत्येक गरोदर बाईचं होतं. बाळंतपणानंतर पहिल्या दोन महिन्यांत बहुतेकींचे स्नायू बरेचसे जवळ येतात. काहींचे येत नाहीत. जुळी, मोठं बाळ, लागोपाठची बाळंतपणं अशा वेळी ही शक्यता जास्त. साधारण दोन बोटांपेक्षा जास्त अंतर राहिलं तर पोट पुढे येतं, कारण आतल्या आतड्यांना धरून ठेवणारी भिंतच सैल झालेली असते. पुढचा आधार गेला की भार कंबरेवर येतो. माझ्या बाबतीत बेंबीपाशी छोटा हर्नियाही झाला होता. मी करत होते तो व्यायाम आतून दाब वाढवून फट आणखी ताणत होता.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मी पायरीवर बसून रडले. आजार कळला म्हणून नाही. पाच वर्षं मी स्वतःला आळशी, खादाड म्हणत आले होते आणि ते खोटं होतं, म्हणून.

डॉक्टरबाईंनी ऑपरेशनचं नावही काढलं नाही. आधी फिजिओथेरपी, असं ठरलं. सहा महिने मी ती मनापासून केली. श्वास सोडताना पोट हळूच आत ओढणं, खालचे स्नायू आवळणं, कुशीवर वळून हाताच्या आधारानं उठणं, खोकताना पोटाला हात लावणं. दिसायला किरकोळ वाटतं, पण कंबरदुखी निम्मी कमी झाली. चार बोटांची तीन बोटं झाली. अनेक बायकांचं तेवढ्यावर भागतं आणि त्यांनी तिथंच थांबावं, हे मी अनुभवानं सांगते. माझा हर्निया मात्र व्यायामानं जाणारा नव्हता आणि तीन बोटांवरून गाडी पुढे सरकेना. तेव्हा फिजिओथेरपिस्ट ताईंनीच सांगितलं, "आता सर्जनला भेटा."

पुण्यात एका प्लास्टिक सर्जन बाईंना दाखवलं. बाई असल्यामुळे मोकळं बोलता आलं. त्यांनी आधी मलाच विचारलं. आणखी मूल हवं आहे का? हवं असेल तर थांबा, पुढच्या गरोदरपणात शिवण पुन्हा ताणते. वजन स्थिर आहे का? हे वजन उतरवायचं ऑपरेशन नाही. आणि मग, "मिश्री लावता का? तंबाखू?" आमच्या भागातल्या बायकांना हा प्रश्न विचारायलाच हवा. तंबाखूनं कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरत नाही.

घरी विषय काढला तेव्हा खरं वादळ उठलं. दीर म्हणाले, "हिरोईन व्हायचंय का?" सासूअम्मी म्हणाल्या, "अल्लाहनं दिलेल्या शरीराला कात्री लावायची? आम्ही नाही का पोरं काढली? सब्र कर." यांचं म्हणणं वेगळं होतं. "मला तू अशीच चांगली दिसतेस," ते म्हणाले. प्रेमानंच म्हणाले, पण माझी कंबर कशी आहे, हे त्यांनीही विचारलं नाही.

सासूअम्मींचा प्रश्न मला टाळता येण्यासारखा नव्हता, कारण तो माझ्याही मनात होता. अल्लाहच्या निर्मितीत केवळ हौसेसाठी बदल करू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग हे काय आहे, इलाज की हौस? मी आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांना स्वतः फोन केला. त्यांनी हजरत अर्फजा (रजि.) यांची आठवण दिली. लढाईत त्यांचं नाक कापलं गेलं होतं. चांदीचं नाक बसवलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचं नाक बसवून घ्यायला सांगितलं. एरवी पुरुषांना सोनं वर्ज्य, तरीही. पुढे मी स्वतः वाचलं. 2007 साली मलेशियातल्या पुत्रजाया इथं झालेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनं या विषयावर ठराव केला आहे. अवयवाचं काम पूर्ववत करण्यासाठी, आजार, अपघात वगैरेंमुळे आलेला दोष दुरुस्त करण्यासाठी शस्त्रक्रिया करायला हरकत नाही. धडधाकट शरीरात निव्वळ हौसेपोटी बदल करणं मात्र योग्य नाही.

फोन ठेवण्यापूर्वी मौलाना म्हणाले होते, "नियत तुमची तुम्हाला ठाऊक." म्हणून इथंही खरंच सांगते. मला कंबर बरी करायची होती, हर्निया घालवायचा होता, सजदा जमिनीवर करायचा होता. आणि मला पुन्हा कुणी "कौनसा महीना" विचारू नये, हेही हवं होतं. त्यात लपवण्यासारखं काय आहे, हे मला आजही कळलेलं नाही.

पैशांचा प्रश्न राहिला. खर्च पावणेदोन लाखांच्या घरात होता. मेडिक्लेम कंपनीनं हर्नियाचा भाग मान्य केला, बाकीचं "कॉस्मेटिक" म्हणून नाकारलं. पॉलिसीत कॉस्मेटिक शस्त्रक्रिया सहसा वगळलेली असते, तेव्हा आधी लेखी विचारून घ्यावं. यांनी कर्ज काढायची तयारी दाखवली. मी कपाटातून मेहरच्या बांगड्या काढल्या. सासूअम्मी बघत राहिल्या. मेहर माझ्या हक्काचा, त्यावर त्यांना बोलता येईना. आणि दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा टाकून मी पुण्याला निघाले, तेव्हा मुलांना सांभाळायला त्याच पुढे आल्या.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. सिझेरियनच्या जुन्या व्रणाच्या खालून, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत काप घेतात. कातडी वर बरगड्यांपर्यंत सुटी करतात. मग फाकलेले स्नायू मध्यावर ओढून त्यांच्यावरचं चिवट आवरण वरपासून खालपर्यंत टाक्यांनी शिवतात. माझा हर्नियाही त्यातच बंद केला. जास्तीची कातडी काढून टाकतात. बेंबी मात्र आपल्या जागीच असते, तिच्यासाठी कातडीला नवं भोक पाडतात.

नंतरचे दिवस सोपे नव्हते. पोटातून दोन नळ्या बाहेर, वर घट्ट पट्टा. दुसऱ्याच दिवशी नर्सनं उठवून चालवलं, कारण पडून राहिलं तर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. दहा-बारा दिवस मी कुबड काढून, दादीसारखी वाकून चालत होते. नमाज आधी पडल्या पडल्या इशाऱ्यानं, मग खुर्चीवर. नळ्या काढल्यावर कातडीखाली पाणी साठलं, ते दोनदा सुईनं काढावं लागलं. सहा आठवडे जड काही उचलायचं नव्हतं, धाकट्यांना कडेवर घ्यायचं नव्हतं. बेंबीखाली आजही हात लावला तर बधिर वाटतं. व्रण लांबलचक आहे आणि तो राहणार. हे सारं आधी माहीत असूनच निर्णय घ्यायला हवा. शेजारणीचं बघून घेऊ नये.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दहाव्या आठवड्यात एका फजरला मी मुसल्ला जमिनीवर अंथरला. पहिल्या सजद्यातून हात न टेकता उठले. दुसऱ्यातूनही. सलाम फेरल्यावर पाहिलं, तर मागे सासूअम्मी तसबीह हातात घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "खुर्ची आता माझ्यासाठी ठेव. माझे गुडघे बोलायला लागलेत."

पण मला हा लेख लिहायला लावला तो अम्मीनं. मला बघायला आली तेव्हा मी तिला सगळं समजावून सांगत होते. ती गप्प ऐकत होती. मग दार लावून खाटेवर उताणी झोपली आणि म्हणाली, "बघ तर माझं." मी तिचे गुडघे दुमडायला लावले, डोकं उचलायला सांगितलं. बेंबीच्या वर माझी तीन बोटं आत गेली.

अम्मीची आम्ही पाच मुलं. अब्बू तिला थट्टेनं "हंडी" म्हणत. ती हसायची आणि जेवताना अर्धी भाकरी कमी घ्यायची. त्या दिवशी ती छताकडे बघत म्हणाली, "चाळीस साल मी समजत होते, मी खा-खाऊन जाडी झाले." तिला ऑपरेशनची गरज नाही, तिनं मागितलंही नाही. आता ती श्वासाचे व्यायाम करते आणि म्हणते, कंबर हलकी वाटते. पण ती अर्धी भाकरी कोण परत करणार?

गेल्या महिन्यात माझी भावजय बाळंत झाली. अम्मी पुन्हा अछवानी करते आहे, पट्टीही बांधते आहे. एक गोष्ट मात्र तिच्या चिल्ल्यात नवी आहे. भावजय बिछान्यातून सरळ उठू लागली की ती स्वयंपाकघरातून ओरडते, "आधी कुशीवर वळ गं, मग हात टेकून ऊठ!" आणि दोन महिने पूर्ण झाले की स्वतः बोटं ठेवून बघणार आहे.