घाईची चौकट

आमचे घर सुतारकामावर चालते. हा धंदा आमच्या घराण्यातला नव्हे. बाबा खेड्यातून चंद्रपूरला आले, आरा मशीनवर ओंडके उचलता उचलता करवत-रंधा धरायला शिकले. आम्ही नवरा-बायको त्यांच्याच हाताखाली तयार झालो.

सागाचे काम कोणालाही आवडते, पण साग महाग. म्हणून साध्या घरांच्या चौकटींना आम्ही ऐन वापरतो. वाळलेला साग घनफुटाला १८-१९ किलो भरतो, तर ऐन २४-२५ किलो. लाकूड मजबूत, पण हट्टी. पटाशीला पुन्हा पुन्हा धार लावावी लागते. खिळा सरळ ठोकला तर तो वाकतो, नाही तर लाकूड फाटते. आधी गिरमिटाने भोक पाडून, स्क्रूला साबण लावूनच तो पिळावा लागतो.

हे सगळे आम्हाला येत होते. वाट पाहणे तेवढे येत नव्हते.

२०१६ च्या डिसेंबरात एका गुरुजींच्या घराच्या चार चौकटींचे काम मिळाले. वास्तूला उशीर झालेला, त्यांना घाई. आम्हाला पैशाची घाई. ऐन ओला होता. बाबांनी बोटाने ठोकून पाहिले आणि म्हणाले, "चालते." आम्हीही मान डोलावली.

मे महिन्यात चंद्रपूरचे ऊन तापले आणि चौकटी पिळल्या. टोकांना बोट जाईल एवढ्या चिरा पडल्या. दारे लागेनात. गुरुजी रागावले नाहीत, नुसते म्हणाले, "तुमच्या शब्दावर काम दिले होते." ते जास्त लागले. कानातले गहाण ठेवून पाडलेल्या एका घराच्या जुन्या, वाळलेल्या तुळया विकत घेतल्या. त्यांतले गंजके खिळे उपसून नव्या चौकटी करून दिल्या. मजुरी शून्य.

तेव्हापासून पद्धत बदलली. चिरलेले नग सावलीत, जमिनीपासून वर रचतो. प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालतो, म्हणजे वारा खेळतो. वर वजन ठेवतो, म्हणजे नग वाकत नाहीत. टोकांना डांबर फासतो, कारण टोकांतून पाणी फार लवकर निघते आणि तिथूनच लाकूड फाटते. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष, हा जुना हिशेब.

आमची मुलगी तेव्हा नववीत होती. तिने त्याच जाडीचा हातभर तुकडा कापून घेतला, दोन्ही टोकांना डांबर लावले आणि थप्पीतच ठेवला. दर महिन्याला किराणा दुकानाच्या काट्यावर तो तोलून ती वहीत लिहू लागली. पहिल्यांदा २ किलो ४०० ग्रॅम. मग उतरत उतरत १ किलो ८०० वर येऊन थांबले. पावसाळ्यात थोडे वाढले, पुन्हा उतरले. ती म्हणाली, "आबा, वजन उतरायचे थांबले की लाकूड वाळले." बाबा हसले. "आमचे बोट काय खोटे बोलते?" ती म्हणाली, "बोट वरचे सांगते आबा, काटा आतले सांगतो." बाबा गप्प झाले.

पण खरी अडचण वेगळीच आहे. वाळत पडलेले लाकूड म्हणजे अडकलेला पैसा. श्रीमंताला तो अडकवता येतो, हातावर पोट असणाऱ्याला कसा जमावा? आम्ही भिशी लावली. नंबर लागला की थोडे ऐन घेतो, टोकावर तारीख लिहितो आणि त्याला विसरतो. आज थप्पीत तीन-तीन वर्षांचे नग आहेत. घाईचे गिऱ्हाईक आले तर वाळलेले असेल तेवढेच काम घेतो. दोन गिऱ्हाइके गेली, तरी चालले. चौकट परत आली नाही.

सुतारकाम करणाऱ्या भावांना एवढेच सांगणे आहे की मजुरी ठरवताना वाळवणीचे महिनेही धरा. तेही आपल्याच कामाचे दिवस आहेत.

बाबा आता ठोकून पाहत नाहीत. थप्पीजवळ उभे राहून विचारतात, "पोरी, यंदा किती भरले?"