घोणस म्हणजे नेमकी कोणती?

पाऊस सुरू झाला की आमच्याकडे एक बातमी ठरलेली. 'विषारी साप मारला'. पंधरा वर्षांपूर्वी मीही अशीच एक छापली होती, फोटोसकट. गोठ्यात घोणस, ग्रामस्थांचं धाडस वगैरे. दुसऱ्या दिवशी एक सर्पमित्र पेपर घेऊनच आला. "भाऊ, ही दुरक्या घोणस. बिनविषारी. उंदीर खाते. फुकट मेली बिचारी."

मी म्हटलं, घोणस ती घोणसच ना?

तिथंच गोम आहे. नावात दोघी घोणस, पण नातं काही नाही. दुरक्या म्हणजे एरिक्स कोनिकस, बोआंच्या गोतातली. विषारी घोणस म्हणजे डाबोइया रसेली, फुरशाची भाऊबंद. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती हे आपण शाळेत मार्कांपुरतं घोकलं. १७५८ साली लिनियसने प्राण्यांना सरसकट दोन शब्दांची नावं दिली, ती कशासाठी हे कुणी सांगितलंच नाही. गाव बदललं की सापाचं नाव बदलतं. शास्त्रीय नावामुळे सगळे एकाच सापाबद्दल बोलतात.

आणि कुळावरून पुढचा अंदाज येतो. नाग आणि मण्यार एका कुळातले, त्यांचं विष मुख्यतः नसांवर जातं. घोणस आणि फुरसं दुसऱ्या कुळातले, ते रक्त बिघडवतात. आपल्याकडची सर्पदंशाची लस या चार जातींच्याच विषावर बनते. सह्याद्रीतला हिरवा चापडा त्यात नाही.

त्याच वर्षी शेजारच्या गावात एकाला शेतात साप चावला. लोक म्हणाले, "दुरक्या आहे, काही होत नाही." चार तास घरीच गेले. ती खरी घोणस निघाली. माणूस वाचला, पण किडन्या बिघडून डायलिसिसवर गेला. माझ्या बातमीत आणि त्या गावकऱ्यांत फरक काय? दोघांनीही नावावर भागवलं.

देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात, असा २०२० मध्ये आलेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. आणि मी पाहिलेल्या रजिस्टरांत बहुतेक ठिकाणी एकच शब्द: 'सर्पदंश'. कोणता साप, हा रकाना कोराच. कोणत्या तालुक्यात कोणता साप चावतो हेच लिहिलेलं नसेल तर लस कुठे किती ठेवायची, हे ठरवणार कशावरून? सर्पमित्रांना फोटो दाखवून हा रकाना भरता येतो. त्याला निधी लागत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. चावल्यावर साप ओळखत बसू नका, मारून दवाखान्यात नेऊ नका. लांबून सहज फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर थेट १०८. डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. ओळखण्याचं काम चावण्याआधीचं, शांत डोक्याने करायचं.

तुमच्या गावात घोणशीला काय म्हणतात? खाली लिहा, गावाच्या नावासकट. यादी करतोय.