तलंग अंड्यावर येते तेव्हा

'तलंग' हा शब्द तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलाय? ऑफिसात विचारून पाहिलं. बारा जणांत एकाला माहीत होता, आणि तोही माणदेशातला निघाला. जी वयात आलीये पण अजून एकही अंडं दिलेलं नाही अशी कोंबडी म्हणजे तलंग. पिल्लू नाही, धड कोंबडीही नाही. आपल्याकडच्या ट्रेनीसारखी. पगार, म्हणजे दाणापाणी, चालू आहे पण आउटपुट शून्य!

गेल्या जुलैत वाईजवळच्या आमच्या गावी आत्यासाठी ग्रामप्रियाची आठ पिल्लं नेली. ही जात हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या कोंबडीपालनासाठीच तयार केलेली आहे. आपली साधी गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. ग्रामप्रिया नीट सांभाळली तर त्याच्या तिप्पट, कधी कधी त्याहूनही जास्त. शिवाय अंडं तपकिरी, त्यामुळे गावात गिऱ्हाईक नाक मुरडत नाही.

आता हे सगळं कशासाठी, तर आत्याचा बचत गट. मामांच्या आजारपणात तिचे महिना दोनशेचे हप्ते थांबले. मामा गेल्यावर ती मीटिंगलाही जायची बंद झाली. गटातल्या बायका चांगल्या आहेत, त्यांनी सांभाळून घेतलं, पण शेवटी जानेवारीअखेरपर्यंत हप्ता सुरू कर, नाहीतर नाव कमी करावं लागेल असा निरोप आला. म्हटलं, "आत्या, दोनशे रुपये ते काय, मी भरतो." तर म्हणाली, "आरं, भावाच्या पोराकडनं पैसं घिऊन भरले तर ती बचत कसली?" ह्यावर बोलायला काही शिल्लक नव्हतं. पैसे नको पण पिल्लं चालतील, असा तह झाला.

आठातलं एक पहिल्याच आठवड्यात गेलं, एक मुंगसाने नेलं. उरल्या सहा. सहा आठवडे वाढवलेली, मानमोडीची लस दिलेली पिल्लं घेतली होती, म्हणून रोगाने कोणी दगावलं नाही. दिवाळीपर्यंत सहाही जणी अंगाने भरल्या. आणि मग सुरू झालं वाट बघणं.

पोल्ट्रीतली लेगहॉर्न जातीची कोंबडी अठरा-वीस आठवड्यांत अंडी द्यायला लागते. ग्रामप्रियाला साधारण साडेपाच महिने लागतात, गावरानला सहा-सात. पण हे नुसतं वयावर नसतं. कोंबडीचा खरा ट्रिगर आहे उजेड. आणि गंमत म्हणजे हा उजेड तिला फक्त डोळ्यांनी कळत नाही. तो कवटीतून आरपार जाऊन मेंदूतल्या पेशींपर्यंत पोचतो! दिवस मोठा आहे असं मेंदूला कळलं की हार्मोन्सची साखळी सुरू होते, आणि अंडाशय कामाला लागतं. (अंडाशय एकच, डावीकडचं. उजवीकडचं वाढतच नाही.) चौदा तासांच्या आसपास उजेड मिळाला तर उत्तम. आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा. म्हणजे आमच्या तलंगा नेमक्या वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांत वयात येणार होत्या.

मी टायमरवाला एलईडी बल्ब घेऊन गेलो. आत्याने तो हातात घेऊन बघितला, आणि परत माझ्या बॅगेत ठेवला. "मी साडेचारला उठतीच की. सैपाकघरातला दिवा असतूयच." दुसऱ्या दिवशी तिने खुराडं मागच्या भिंतीपासून हलवून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आणलं. झाला टायमर! सहा कोंबड्यांवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं हा प्रश्न मी सोडून दिलाय.

तलंग अंड्यावर येणार हे ओळखायचं कसं? आत्याची पद्धत अशी. आधी तुरा बघायचा. फिकट गुलाबी, आखडलेला तुरा हळूहळू मोठा आणि लालभडक होतो. मग हात जवळ न्यायचा. एरवी जी कोंबडी चार हात लांब पळते, ती पंख जरासे फाकवून खाली दबून बसली की दिवस जवळ आले. तरी शंका असेल तर मागच्या बाजूची दोन हाडं चाचपायची. त्यांच्यामध्ये एकच बोट बसत असेल तर अजून अवकाश आहे, दोन-तीन बसली तर तयारी झाली. शेवटची खूण म्हणजे आवाज. तलंग अस्वस्थ होते, कोपरे हुंगत फिरते, उगाच कुरकुरते.

अशा वेळी जागा तयार हवी, नाहीतर पहिलं अंडं सरपणात नाहीतर गवताच्या गंजीत सापडतं, आणि मग तीच सवय लागते. आत्याने जुन्या पाटीत भाताचा पेंढा घातला, वर अर्धं पोतं टाकून अंधार केला, आणि आत कृष्णेतला अंड्याएवढा पांढरा गोटा ठेवला. 'इथं कोणीतरी आधीच घातलंय, जागा बरी असणार' असं कोंबडीला वाटतं म्हणे. पोल्ट्रीवाले ह्यासाठी प्लॅस्टिकची अंडी विकत घेतात.

नवीन वर्षाच्या पहिल्या शनिवारी, मी तिथे असतानाच पहिलं अंडं आलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३८ ग्रॅम. कवचावर रक्ताची बारीक रेघ. मी जरा घाबरलो, आत्या म्हणाली, "पयल्या बारीला असतंय तसं." आणि खरंच, नवीन कोंबडीत हे नेहमीचंच आहे. पहिले काही आठवडे यंत्रणा सेट होत असते. कधी चिमुकलं बिनबलकाचं अंडं, कधी दोन बलकांचं, कधी कवचच नाही, नुसती मऊ पिशवी. आम्ही हे तिन्ही प्रकार पाहिले.

एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात, त्यातले बरेचसे रात्रीचे. रात्री पोटात नवीन दाणा पडत नाही, मग कोंबडी स्वतःच्या हाडांत साठवलेलं कॅल्शियम काढून वापरते. वयात येताना तिच्या हाडांत खास ह्याच कामासाठी वेगळा साठा तयार होतो. म्हणून अंडी सुरू झाली की शिंपल्यांचा चुरा हवाच. मात्र लहान पिल्लांना आधीपासून भरपूर दिला तर मूत्रपिंडांना त्रास होतो.

आत्या कालनिर्णयवर प्रत्येक अंड्याचं टिंब आणि वेळ लिहून ठेवते, मी रविवारी ते एक्सेलमध्ये भरतो. त्यात एक मजेदार पॅटर्न दिसला. एकच कोंबडी आज आठला, उद्या पावणेनऊला, परवा दहाला, आणि मग एक दिवस काहीच नाही. अंडं बनायला चोवीस-पंचवीस तास लागतात, पुढच्याची सुरुवात अर्ध्या-पाऊण तासाने होते, त्यामुळे वेळ रोज पुढे सरकते. सरकत सरकत दुपार झाली की शरीर एक दिवस सोडून पुन्हा सकाळपासून सुरुवात करतं. मी हे ग्राफ काढून आत्याला समजावलं. ती म्हणाली, "म्हंजे खाडा करती." एका शब्दात काम झालं.

जानेवारीच्या शेवटच्या मीटिंगपर्यंत चार जणी अंड्यावर आल्या होत्या. दहा रुपयाला एक ह्या भावाने अंडी विकून आत्याकडे दोनशे चाळीस जमले होते. दोनशे गटात भरले. चाळीस रुपयांची खारी-बिस्किटं मीटिंगला घेऊन गेली, कारण "इतक्या दिसांनी जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं?" फेब्रुवारीत सहाही जणी मिळून एकशे सोळा अंडी झाली. खाद्य वजा जाता पाचशेच्या आसपास उरले असावेत. पक्का आकडा मला माहीत नाही. अंड्यांचा हिशोब एक्सेलमध्ये आहे, पैशांचा आत्याच्या कनवटीला. तिथे मला अॅक्सेस नाही. :-)

आता तिच्या डोक्यात पुढचं चालू आहे. ग्रामप्रिया सहसा खुडूक होत नाही, म्हणून शेजारणीची एक म्हातारी गावरान कोंबडी तिने रवणाला बोलून ठेवली आहे. कोंबडा मात्र आमच्याकडे नाही, त्यामुळे रवणाची अंडीही शेजारचीच. एकवीस दिवस. मोबदला म्हणून अर्धी पिल्लं शेजारणीची. हा करार मला न विचारता झालाय.