जुन्या गळ्यांची नवी गाणी

बदलीच्या नोकरीत बिऱ्हाड हलते, शेजार बदलतो, मुलांच्या शाळा बदलतात. आवड तेवढी ट्रंकेतून सुखरूप प्रवास करते. आमच्या मंडळातील बहुतेकांच्या ट्रंकेत नाट्यसंगीत असते, भावगीते असतात. माझ्या ट्रंकेत रॉक आणि मेटल आहे. ज्या गृहस्थाचे केस पिकले आणि ज्याची सेवानिवृत्ती दोन वर्षांवर आली, त्याने असला गदारोळ ऐकावा याचे स्नेह्यांना नवल वाटते. खरे नवल वेगळेच आहे. हा गदारोळ करणारी मंडळी माझ्याहूनही वयस्क आहेत, आणि ती अजून नवे अल्बम काढीत आहेत! उतारवयातील कलावंताकडून रसिकाने काय मागावे, हा प्रश्न त्यांचे अलीकडचे चार अल्बम ऐकताना मला सारखा पडत आला आहे.

रोलिंग स्टोन्स यांचा ‘हॅकनी डायमंड्स’ 2023 च्या ऑक्टोबरात आला. स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्यांचा अल्बम तब्बल अठरा वर्षांनी निघत होता, आणि गायक मिक जॅगर ऐंशी वर्षांचा झाला होता. आरंभीची गाणी मला रुचली नाहीत. त्यांना इतकी झिलई दिली आहे, की कलप लावून लग्नाला आलेल्या वृद्धाची आठवण व्हावी. पण 2021 मध्ये निवर्तलेले चार्ली वॉट्स यांचे ड्रम दोन गाण्यांत वाजतात, तेथे मन थबकते. आणि अखेरीस, ज्या मडी वॉटर्सच्या गाण्यावरून त्यांनी आपले नाव घेतले, तेच गाणे ते साधेपणाने गातात. तेथे कलप उतरतो आणि गाणे उजळते.

मेटॅलिका या अमेरिकन चमूचा ‘सेव्हंटी टू सीझन्स’ (2023) आयुष्याच्या पहिल्या अठरा वर्षांविषयी आहे. वर्षाचे चार ऋतू धरले की बहात्तर होतात. गायक जेम्स हेटफील्ड त्या वेळी साठीला टेकला होता. त्या वयात बालपणाचे व्रण उघडे करणे सोपे नव्हे. मात्र सत्त्याहत्तर मिनिटे हा फार मोठा ऐवज झाला. आमच्या कचेरीतील टिपणीसारखाच यालाही एखादा कठोर वरिष्ठ लाभता, तर निम्मा मजकूर गळून उरलेला ठसठशीत झाला असता. अपवाद शेवटच्या ‘इनॅमोराटा’चा. अकरा मिनिटांहून मोठे असे हे गाणे, त्यांचे आजवरचे सर्वांत दीर्घ. तरी त्यातील एक क्षणही मला जड झाला नाही.

लांबीचा हाच आक्षेप आयर्न मेडनच्या ‘सेन्जुत्सू’वर (2021) घेतला जातो, पण तो मला पटत नाही. 2007 च्या मार्चमध्ये मी बंगळूरला होतो. पॅलेस ग्राउंड्सवर त्यांना प्रत्यक्ष ऐकले. तेव्हाचा आवेग आता नाही. बेसवादक स्टीव्ह हॅरिस याने रचलेली शेवटची तिन्ही गाणी दहा मिनिटांपुढची आहेत. ती सावकाश उलगडतात, जुन्या युद्धकथा सांगणाऱ्या आजोबांसारखी. आजोबांना कोणी घड्याळ दाखवीत नाही.

एवढ्यावरून मी एक सिद्धांत बांधला होता: म्हाताऱ्याने वय लपवू नये, संथ व्हावे. जुडास प्रीस्टच्या ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ने (2024) त्याला चांगलाच तडा दिला. रॉब हॅल्फर्ड तेव्हा बहात्तर वर्षांचा. त्याची तारसप्तकातील आरोळी पहिल्याच गाण्यात छत फोडते. गिटारवादक ग्लेन टिप्टन याला कंपवाताने ग्रासल्याचे 2018 मध्येच जाहीर झाले होते. तरीही या अल्बमच्या रचनांत त्याचा वाटा आहे. येथे वेग ही तारुण्याची नक्कल नसून पन्नास वर्षांच्या रियाजाचे व्याज आहे. चौघांत मी पहिला मान यालाच देतो.

मल्लिकार्जुन मन्सूर यांची कीर्ती उतारवयातच शिखराला पोहोचली. राग तेच, बंदिशी त्याच. पण आज त्या नव्याने दिसल्या की नाही, एवढेच श्रोता पाहत असे. नावीन्याचा हा अर्थ मला मोलाचा वाटतो. वेगळे काही करणे निराळे, आणि तेच पुन्हा जिवंत करणे निराळे.

तरुणांविषयी मी बेफिकीर आहे असे मात्र कोणी समजू नये. दिल्लीच्या ब्लडीवूड या चमूचा ‘नू देल्ही’ (2025) आठच गाण्यांचा आहे. त्यात ढोल आहे, तुंबी आहे, आणि ‘तडका’ नावाचे चक्क खाण्यापिण्यावरचे गाणे आहे! विनोद कधी कधी उथळ होतो. पण हे संगीत आता आपल्या मातीत रुजले आहे, याविषयी शंका उरत नाही.

सेवानिवृत्तीचा दिवस जवळ येऊ लागला, की आपली खुर्ची कधी रिकामी होते याची कोणीतरी वाट पाहत आहे, ही जाणीव बोचू लागते. अशा वेळी बहात्तर वर्षांच्या त्या आरोळीने मला जो धीर दिला, तो कोणत्याही निरोपसमारंभातील भाषणाने दिला नसता. खुर्ची सोडावीच लागते. आवाज सोडला पाहिजे असे कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नाही.