माझी मावशी सिस्टर आहे

‘नन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं येतात. एक म्हणजे कॉन्व्हेंट शाळेतली, हातात पट्टी घेतलेली कडक प्रिन्सिपल. दुसरं म्हणजे हिंदी सिनेमात हिरो जखमी झाला की कुठूनतरी प्रकट होणारी, ‘माय चाइल्ड’ म्हणणारी सिस्टर. त्यामुळे माझी सख्खी मावशी सिस्टर आहे हे होस्टेलवर कळल्यापासून माझ्यावर प्रश्नांची सरबत्ती चालू आहे. ‘म्हणजे लग्नच नाही?’ ‘पगार किती मिळतो?’ ‘घरी येऊ देतात का?’ आणि दर सेमिस्टरला कुणीतरी विचारतंच, ‘प्रेमभंग झाला होता का गं?’ प्रत्येकीला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं, म्हणून हा लेखप्रपंच.

तर प्रेमभंग वगैरे काही झालेला नव्हता. आम्ही वसईचे. आमच्याकडे मिस्सा मराठीत होते, आजी लाल लुगडं नेसायची आणि बऱ्याच कुटुंबांतून कुणी ना कुणी फादर किंवा सिस्टर झालेलं असतं. मावशी बारावीनंतर मठात गेली. घरात तीच सगळ्यात हुशार. तिला नोकरी लागेल, घराला हातभार लागेल, असा आजोबांचा हिशेब होता. ती गेल्यावर आठ दिवस ते कुणाशी बोलले नाहीत म्हणे.

मठात गेली आणि सिस्टर झाली, इतकं ते सोपं नसतं. आधी नुसतं राहून बघायचं, मग पोस्ट्युलन्ट, मग नोव्हिस. नोव्हिस म्हणून किमान एक वर्ष काढावंच लागतं, तसा चर्चचा कायदाच आहे. त्यानंतरची पहिली व्रतंही तात्पुरती असतात, किमान तीन वर्षांची. मग आजीवन व्रतं. मावशीला मधलं नर्सिंगचं शिक्षण धरून नऊ वर्षं लागली. नोव्हिसला कधीही घरी परतता येतं आणि तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की पुन्हा प्रश्न येतोच, राहायचं की जायचं? मावशीच्या बॅचमधल्या चौघी परत गेल्या. आपल्याला चार वर्षांत एकदा तरी कुणी विचारतं का, की बाई गं, तुला खरंच इंजिनिअर व्हायचंय का?

आणि सिस्टर म्हणजे फक्त शाळा नि दवाखाना असंही नाही. कॉम्प्युटरवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. मिळवणारी पहिली स्त्री ही एक सिस्टर होती! सिस्टर मेरी केनेथ केलर. 1932 साली त्या मठात गेल्या आणि 1965 साली विस्कॉन्सिन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट घेतली. ‘बेसिक’ ही भाषा जिथे जन्मली त्या डार्टमथ कॉलेजातही त्यांनी काम केलं होतं. पुढे आयोवा राज्यातल्या क्लार्क कॉलेजात त्यांनी कॉम्प्युटर विभाग सुरू केला आणि वीस वर्षं सांभाळला. आमच्या लॅबमध्ये हे सांगितल्यावर दोन मिनिटं शांतता होती.

आता व्रतांविषयी. ती तीन असतात : दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन.

दारिद्र्य म्हणजे स्वतःच्या नावावर काही ठेवायचं नाही. मिळालेला पगार मठाच्या सामायिक खर्चात जातो. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादरांच्या अशा पगारावर टीडीएस कापायचा की नाही, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये निकाल लागला की कापायचा. मी हे मावशीला सांगितलं तर ती हसून म्हणाली, ‘म्हणजे हातात न आलेल्या पैशावर कर भरणारे आम्हीच!’ पप्पांनी तिला एकदा छान घड्याळ दिलं होतं. पुढच्या वर्षी ते तिच्या मनगटावर नव्हतं. नवीन आलेल्या एका सिस्टरला नाडी मोजायला लागत होतं, तिला दिलं. पप्पा जरा खट्टू झाले. मावशीच्या मात्र ते लक्षातही आलं नाही.

ब्रह्मचर्य म्हणजे फक्त लग्न न करणं असं आपल्याला वाटतं. मावशी म्हणते, ‘कुणा एकाचं होऊन न राहणं.’ ऐकायला छान वाटतं. पण याचा दुसरा अर्थ असा की स्वतःच्या आईचंही पूर्ण होता येत नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

आज्ञापालन मला सगळ्यात अवघड वाटतं. वरून पत्र येतं आणि सामान बांधायचं. सरकारी बदली रद्द करायला लोक मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतात, इथे ती सोय नाही. हल्ली आधी विचारतात, बोलणं होतं, पण शेवटचा शब्द सुपीरियरचाच. या व्रताचा गैरफायदाही घेतला गेला आहे. काही धर्मगुरू आणि बिशपांनी सिस्टरांचं शोषण केलं, हे पोप फ्रान्सिस यांनी 2019 साली जाहीरपणे मान्य केलं होतं. मावशीसमोर हा विषय काढला तेव्हा ती सारवासारव करेल असं मला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, ‘आज्ञा देवासाठी पाळायची असते. माणूस देव व्हायला लागला की नाही म्हणता आलं पाहिजे. हे आम्हाला आधी कुणी शिकवलं नाही, आता आम्ही मुलींना शिकवतो.’

मावशीची बदली झारखंडमधल्या एका आदिवासी गावात झाली, त्याच वर्षी आजी आजारी पडली. त्या दवाखान्यात दोनच सिस्टर. पावसाळ्यात मलेरिया, साप चावलेली माणसं, रात्री-अपरात्री बाळंतपणं. मावशीला सुट्टी मिळाली, ती दहा दिवस राहिली, आजीचं सगळं केलं आणि परत गेली. त्यानंतर तीन आठवड्यांनी आजी गेली. मावशी पोचली तेव्हा दफन होऊन एक दिवस झाला होता. आई तिला सगळ्यांसमोर म्हणाली, ‘जगाची सेवा केलीस, आईची राहिली.’ मावशी काही बोलली नाही. डोक्यावरून पदर घेऊन कबरीपाशी गेली आणि बराच वेळ तिथेच बसली.

त्या रात्री ओटीवर मी तिच्या शेजारी झोपले होते. मी विचारलं, ‘तुला वाईट नाही वाटत?’

‘वाटतं की. तुझी आई खोटं कुठे बोलली?’

‘मग प्रार्थनेत देव काही सांगतो का?’

‘कधी कधी. बरेचदा काहीच नाही. मी बसून राहते.’

मला हे उत्तर अजिबात अपेक्षित नव्हतं. माझी समजूत अशी होती की सिस्टर पहाटे चॅपलमध्ये बसतात, तिथे त्यांची बॅटरी चार्ज होते आणि त्यावर त्या दिवसभर काम करतात. मावशीचा दिवस पाचला सुरू होतो. ध्यान, स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्रांची प्रार्थना, फादर आले तर मिस्सा, मग आठपासून दवाखाना. दुपारी प्रार्थना, संध्याकाळी प्रार्थना, जपमाळ, जेवण, थोड्या गप्पा, रात्रीची प्रार्थना आणि त्यानंतर सकाळपर्यंत मौन. (आपल्या होस्टेलवर त्याच वेळी दिवस सुरू होतो!) आणि एवढं सगळं करून चार्जिंग होईलच याची खात्री नाही?

नंतर कळलं की हे फक्त मावशीचं नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, म्हणजे 2007 साली, पुस्तकरूपाने आली. अनेक दशकं प्रार्थनेत देवाचं अस्तित्व जाणवलंच नाही, आत नुसता अंधार होता, असं त्यांनी आपल्या मार्गदर्शकांना लिहिलं होतं. बाहेर जग त्यांना संत म्हणत होतं, आणि त्या रोज पहाटे उठून त्याच अंधारात गुडघे टेकत होत्या, मग रस्त्यावरच्या माणसांकडे जात होत्या. 2016 साली चर्चने त्यांना संत घोषित केलं, तेही हे सगळं माहीत असताना.

मावशीने मला आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी व्रत घेतलेल्या बायकांनी मठाच्या भिंतीआडच राहायचं, असा नियम होता. 1633 साली फ्रान्समध्ये व्हिन्सेंट द पॉल आणि लुईझ द मारिलॅक यांनी ज्या सिस्टरांना एकत्र आणलं, त्या मात्र आजाऱ्यांच्या घरी, गल्लीबोळात जाऊ लागल्या. प्रार्थनेच्या वेळी गरिबाने दार वाजवलं तर प्रार्थना सोडून जा, असं व्हिन्सेंट त्यांना सांगत. कारण तिथेही देवच भेटतो. मावशीच्या दवाखान्याचं दार रात्री वाजतं तेव्हा ती मौन मोडून उठते ते याच हिशेबाने. पण ती म्हणते, ‘रोज बसायची सवय नसती, तर रोज उठायची ताकदही राहिली नसती.’

या वाक्यावर मी खूप विचार केला आहे. आपण मूड असला तर अभ्यास करतो, वाटलं तर मदत करतो. वाटणं संपलं की कामही संपतं. मावशीचं काम वाटण्यावर उभंच नाही. एकदा दिलेला शब्द ती रोज पहाटे पुन्हा देते, मन भरून आलेलं असो नाहीतर कोरडं. सेवा सगळ्यांना दिसते, तिचे फोटो निघतात. हे रोजचं बसून राहणं कुणाला दिसत नाही. सिस्टर होण्यातलं खरं अवघड काम तेच असावं, असं मला आता वाटतं. त्याची किंमत फक्त ती एकटी देत नाही, घरचेही देतात, हेही तितकंच खरं.

आई अजून पूर्ण निवळलेली नाही. फोनवर दोघी बोलतात, पण आजीचा विषय दोघीही टाळतात. मात्र दर वर्षी मे महिना संपत आला की आई बाजारातून मच्छरदाण्या आणते, नीट घड्या घालून खोक्यात भरते आणि झारखंडला पार्सल करते. पत्त्यावर मावशीचं नाव नसतं. ‘दवाखान्यासाठी’ एवढंच लिहिलेलं असतं.

(तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार)