वल्ह्यांनी राखलेला किल्ला

अलिबागला गेलेली मंडळी बहुधा कुलाबा किल्ला पाहतात, ओहोटीत पाय भिजवतात आणि परततात. थोडे उत्तरेला थळच्या किनाऱ्यापर्यंत जाण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. आम्ही ती घेतली आणि एका सकाळी मचव्यात बसलो. आधी उंदेरी लागते, तिच्या पलीकडे खांदेरी. दोन टेकाडे आणि मधली खोलगट जागा, एवढेच ते बेट. पण मुंबई बंदराच्या तोंडाशी बसून येणारे-जाणारे प्रत्येक जहाज मोजता यावे, अशी त्याची जागा आहे.

शिवाजी महाराजांनी १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी यांना इथे धाडले, ते शेदीडशे माणसे आणि चार लहान तोफा देऊन. मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. त्यांनी जहाजे आणून बेटाला वेढा घातला. सप्टेंबरात थॉर्प नावाचा त्यांचा एक अधिकारी बेटावर उतरू पाहताना मारला गेला. दारूच्या नशेत होता म्हणे! ऑक्टोबरात दौलतखानाचे आरमार चालून आले, तेव्हा इंग्रजांचे 'डव्ह' हे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. पण केग्विन आणि मिंचिन यांच्या 'रिव्हेंज' जहाजाने एकट्याने झुंज देऊन मराठी आरमाराला नागोठण्याच्या खाडीपर्यंत मागे रेटले. त्या दिवशी समुद्रावर इंग्रजच वरचढ ठरले, हे कबूल करायला आपण कचरू नये.

तरी किल्ला उभा राहिलाच. मोठ्या जहाजांना वारा हवा, खोल पाणी हवे. आपल्या होड्यांना यातले काहीच लागत नव्हते. वारा पडला की वल्ही मारायची, अंधार झाला की उथळ पाण्यातून सटकायचे आणि बेटावर रसद उतरवून उजाडायच्या आत परत फिरायचे. पहारा असूनही हे चालूच राहिले. बखरींत आणि पत्रांत सरदारांची नावे सापडतात. वल्हे मारणाऱ्याचे नाव कोण लिहून ठेवतो?

१६८० च्या आरंभी इंग्रजांनी काढता पाय घेतला. सिद्दीने मात्र लागलीच उंदेरीवर तट बांधला आणि दोन शेजारी बेटे एकमेकांवर तोफा डागू लागली. त्याच एप्रिलात रायगडावर महाराजांचे निधन झाले. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ साली, इंग्रजांनी पुन्हा खांदेरीवर हल्ला केला आणि हात हलवीत परतले. किल्ला त्यांना मिळाला तो १८१८ मध्ये, पेशवाई बुडाल्यावर.

आज तिथे १८६७ चा दीपस्तंभ आहे, गाड्यांवर चढवलेल्या जुन्या तोफा आहेत आणि कोळ्यांचा वेताळ आहे. एक शिळा दगडाने ठोकली तर धातूसारखी खणखणते. आमच्यातल्या पोरांनी ती इतकी वाजवली की शेवटी ओरडावे लागले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरीही आहे.

तटावर आणखी बसायचे मनात होते. पण खालून तांडेलाने हाक दिली, "चला मास्तर, वारा फिरला!" आणि आम्ही मुकाट्याने उतरलो.